दर्भाचा कावळा

सोनवड राज्याची रीत अशी, की राजा निपुत्रिक गेला तर प्रांतांनी कौल देऊन नवा राजा निवडायचा. प्रांतात ज्याची सरशी, त्या प्रांताचे सगळे कौल त्यालाच. राजा तसाच निपुत्रिक गेला. प्रधान रायाजीपंतांचा गादीवर डोळा होता, पण मोठा पूर्व प्रांत, दोन-चार तालुके सोडले तर, त्यांना दारात उभं करत नव्हता.

दहाव्याला नदीकाठी पिंड मांडले होते आणि कावळा काही शिवत नव्हता. नवा राजा येईतो राज्याची मोहर विधवा राणी सगुणाबाईंकडं होती. प्रधानांनी तिथंच त्यांच्यापुढं हुकूमनामा धरला.

"पूर्वेचे कौल यापुढं तालुकावार वाटायचे. तेवढी मोहर उठवा, आईसाहेब."

"आणि तुमच्या पश्चिमेचे?"

"तिथं जुनीच रीत बरी."

राणी पिंडाकडं बघत राहिल्या. प्रधान उतावीळ झाले. "कावळा शिवत नाही, तर दर्भाचा करून शिववा. किती वेळ थांबायचं?"

राणी त्यांच्याकडं वळल्या. "दर्भाचा कावळा आपण नेऊ त्या पिंडाला शिवतो, प्रधानजी. गेलेल्याच्या मनातलं त्याला काय कळणार? तुम्ही रयतेच्या कौलाचाही तसाच कावळा करायला निघालात. मी खऱ्याची वाट बघते आहे. तुम्हीही बघा."

प्रधानांनी कागद गुंडाळला. ऊन डोक्यावर आलं. राणी रिकाम्या आभाळाकडं बघत तशाच बसून राहिल्या.