नकाशातली सात भोकं

“…मग काय, नदीपुढे हात जोडून बसायचं का, बुवा?”

अच्युत खरवंडीकर तावातावाने बोलत होता. नगरपालिकेचा तरुण इंजिनिअर. पूरभिंतीचा नकाशा त्याने मठाच्या फरशीवर पसरला होता. उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सभा होती. भिंतीच्या आड सखल भागात कुंभारआळी येणार, शंभर-सव्वाशे घरं. तिथले लोक म्हणाले होते, रावजीबुवांनी मान डोलवली तर आमची ना नाही.

आणि बुवांची मान काही हलेना.

भगवी कफनी घालण्याआधी बुवा पंचवीस वर्षं नगरपालिकेतच गटारांवर मुकादम होते. अच्युतला हे ठाऊक होतं. मुकादमाला नकाशातलं काय कळतं, हेही त्याच्या मनात होतं.

“किती उंच?” बुवांनी विचारलं.

“वीस फूट. चिरेबंदी.”

“आणि मोऱ्या?”

“एकही नाही! पाणी आत येणारच कुठून?”

“सरदारांनी घाट बांधला, त्यात सात मोऱ्या होत्या. गोऱ्या साहेबानं बांध घातला, पाच राहिल्या. मी त्यातूनच सरपटत म्हातारा झालो.”

“म्हणून तर शहर बुडतं!” अच्युतचा आवाज चढला. “मागच्या पुरात माझी आई दोन दिवस पत्र्यावर बसून होती, बुवा. पिठाचा डबा मांडीवर घेऊन. ती अजून पाऊस लागला की झोपत नाही.”

बुवांनी नकाशावरून नजर उचलली.

“तिच्यासाठी बांधतोयस?”

“…हो.”

“मग नीट बांध.”

अच्युत चिडला. नीट म्हणजे काय? त्याने मठभर नजर फिरवली. हातभर उंच उंबरे, आणि नदीकडच्या भिंतीत तळाशी एक मोरी.

“हे बघा, तुमच्याकडेच चूक आहे. नदी इथूनच आत येते. आधी हे बुजवा.”

“तूच बुजव.”

अच्युतने कोपऱ्यातलं गोणपाट उचललं आणि मोरीत गच्च कोंबलं. वर लाथ मारून घट्ट केलं.

“झालं. आता नदीची काय टाप आहे!”

“छान,” बुवा म्हणाले. “आज मंगळवार. फरशी धुवायची राहिलीय.”

आणि त्यांनी भरलेला रांजण आडवा केला.

“अहो बुवा! नकाशा!”

बुवांनी दुसरा रांजणही आडवा केला. पाणी उंबऱ्यांना धडकून माघारी फिरलं. दगडांनी दाबलेला नकाशा जागच्या जागी भिजत राहिला. अच्युत एक दगड उचलायला धावला, घसरला, पाण्यात बसला. मग उठून थेट मोरीकडे झेपावला आणि दोन्ही हातांनी गोणपाट ओढून काढलं.

भळभळ करीत पाणी गेलं.

“का काढलंस?”

अच्युतच्या हातातल्या गोणपाटातून पाणी ठिबकत होतं.

“नदी तर आलीच नव्हती,” बुवा म्हणाले.

अच्युत हळूच म्हणाला, “आळीवर पडलेला पाऊस… भिंतीच्या आतच तुंबेल… आळीतल्या बायका पत्र्यावर…”

त्याचे डोळे भरून आले होते.

“पण मोरी ठेवली तर नदी शिरेल ना, बुवा?”

“पंचवीस वेळा आला असशील या मठात. भिंतीच्या पलीकडे कधी गेलास?”

दोघे नदीकडच्या बाजूला गेले. मोरीच्या तोंडावर सागवानी फळी लोंबत होती, वरच्या कडेला बिजागऱ्या. आतलं उरलंसुरलं पाणी तिला ढकलून बाहेर पडत होतं.

बुवांनी बाहेरून फळीवर तळहात टेकला. फळी दगडाला घट्ट बसली.

“पूर चढला की नदी स्वतःच दार लावून घेते. उतरली की आतलं पाणी ते उघडतं. घाटाच्या मोऱ्यांनाही अशाच फळ्या. दरवर्षी बिजागऱ्यांना तेल घालायचं, गाळ काढायचा. माझी सगळी नोकरी एवढीच.”

अच्युतने ती फळी दहादा उघडून लावून पाहिली. मग लहान पोरासारखा हसला.

धावतच तो आत आला. कानावरची पेन्सिल काढून ओल्या नकाशावर वाकला. जुन्या घाटातल्या मोऱ्यांच्या सातही जागा बुवा बोटाने दाखवत गेले, तो खुणा करीत गेला. भिजलेला कागद तो! प्रत्येक खुणेला पेन्सिल आरपार गेली.

“अरेच्चा! सात भोकं पडली, बुवा. शाई तर कुठल्या कुठे पसरलीय. उद्या सभेत आता कुठला नकाशा दाखवू?”

बुवा रांजण उभे करीत होते.

“हाच दाखव.”