शिक्का खरा, पेटी गरम

एकदा एका औद्योगिक वसाहतीत लसींच्या शीतपेट्या बनवणारा एक म्हातारा राहत होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. तो शिकवायचा थोडं आणि खेकसायचा फार. तरी दिगंबर नावाचा एक शिष्य त्याच्यापाशी टिकून होता. मास्तरांइतकं ते काम दुसऱ्या कोणाला येत नव्हतं, आणि दिगंबरला ते शिकायचं होतं.

या पेट्या आडवळणाच्या आरोग्य उपकेंद्रांत जातात. आतली लस तापली की वाया गेली. बाटली वरून तशीच दिसते, पोरांना टोचलीही जाते, पण उपयोग शून्य. म्हणून प्रत्येक पेटीत एक लहानशी चिप पहाऱ्याला बसवलेली असते. वीज आली की सगळ्यांत आधी ती जागी होते. पेटी चालवणाऱ्या प्रोग्रामवर मास्तरांचा शिक्का आहे का, ते ती पाहते. हा शिक्का शाईचा नव्हे, आकड्यांचा, आणि त्याची किल्ली एकट्या मास्तरांपाशी. शिक्का खरा असेल तर प्रोग्राम चालू, नसेल तर पेटी कुलूपबंद. कोणी भुरट्यानं आत भलतंसलतं घुसडू नये, यासाठी हा सगळा बंदोबस्त.

त्या चिपच्या आतली व्यवस्था नव्यानं लिहिण्याचं काम दिगंबरकडे आलं. हे त्याचं पहिलं स्वतंत्र काम. वर्षभर खपून त्यानं ते केलं, आणि चांगलं केलं. जुने, सुरक्षेत भोकं पडलेले प्रोग्राम आता शिक्का असूनही आत येत नव्हते. पण एक खोट राहिली. नवा प्रोग्राम भरत असताना नेमकी वीज गेली, की परत आल्यावर चिपला शिक्का अर्धवट दिसे. मग ती आपल्याच पेटीला चोर समजून कुलूप लावून बसे. पेटी कारखान्यात परत आणल्याखेरीज ते कुलूप निघत नसे. कारखान्यात सगळी तपासणी इन्व्हर्टरवर चाले, तेव्हा ही खोट दिसणार कोणाला? ती दिगंबरला दिसली. वसाहतीची वीज दर गुरुवारी जाते, आणि एका गुरुवारी इन्व्हर्टरनंही मान टाकली.

त्या कारखान्यात रीत अशी होती की नव्या कामाबरोबर एक कागद द्यायचा. वर ‘बदल’, खाली ‘माहीत असलेल्या त्रुटी’. दिगंबरनं बदल पानभर लिहिले. त्रुटींखाली लिहिलं, ‘नाहीत’.

त्यालाही कारण होतं. पेट्या उचलणाऱ्या व्यापाऱ्यानं आधीच बजावलं होतं, “त्रुटीबिटी लिहिलेला कागद मला नको. आरोग्य खात्यातले वरचे साहेब तेवढंच वाचतात. स्वच्छ असेल तर माल उचलतो, नाहीतर दुसरीकडे जातो.” तो दुसरीकडे गेला असता तर दिगंबरचं काम फडताळात पडलं असतं, आणि दिगंबर पुन्हा लोकांच्या जुन्या पेट्यांची डागडुजी करत बसला असता.

ठरल्या दिवशी व्यापारी आला. बाहेर त्याची गाडी चालूच होती. दिगंबरचं बूड खुर्चीला लागत नव्हतं. तो उठे, बसे, चष्मा पुसे, पुन्हा उठे.

“अरे, मुहूर्त टळतोय का तुझा?” मास्तर म्हणाले. “बस खाली.”

“मास्तर, शेठजींना निघायचंय. तुमचा शिक्का तेवढा राहिलाय.”

“मारतो. आधी एक गंमत बघू.”

म्हातारा दिगंबरच्या संगणकापुढे बसला. पेटी चालवणारा प्रोग्राम त्यानं उघडला. आठ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही असं जिथे लिहिलेलं होतं, तिथे त्यानं आठ खोडून चाळीस केले. त्यावर आपला शिक्का मारला आणि ते सारं समोरच्या नमुन्याच्या पेटीत भरलं. चिपनं शिक्का पाहिला. हिरवा दिवा लागला.

“आता चहा घेऊ,” मास्तर म्हणाले.

चहा आला. पेटीची घरघर थांबली होती. तापमापीचा आकडा चढू लागला. आठ झाले, पुढे नऊ, दहा. हिरवा दिवा सुखानं जळत होता. दिगंबरचा कप हातात तसाच राहिला. त्यानं दोनदा पेटीकडे हात नेला आणि दोनदा मास्तरांनी “बस” म्हटलं.

अखेर शेठजींनी झाकण उचलून आत हात घातला. “मास्तर, ही तर कोमट झाली. तुमचा पहारेकरी ढाराढूर झोपला की काय?”

“त्याची काय चूक?” दिगंबर उसळला. “शिक्का मास्तरांनीच मारला. त्याला शिक्का बघायला सांगितलंय, त्यानं बघितला.”

“बरोबर,” मास्तर म्हणाले. “आता ऐक. चिप सगळ्यांना तपासते. तिला कोण तपासतं? कोणी नाही. ती पहिली उठते, तिच्याआधी कोणी जागंच नसतं. ती माझ्या शिक्क्यावर विसंबते. मी कशावर विसंबतो? तुझ्या शब्दावर. शब्द तपासणारी चिप अजून कोणी केलेली नाही. म्हणून तो कागद असतो, बाबा. ज्याच्यावर पहारा नाही, त्यानं स्वतःवर पहारा करायची तेवढी एकच जागा. तिथे तू ‘नाहीत’ लिहिलंयस. खरं असेल, खोटं असेल, मला ठाऊक नाही. मी विचारतही नाही. सांग, मारू शिक्का?”

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. दिगंबरनं शेठजींकडे पाहिलं, मग पेटीकडे. आकडा चौदावर गेला होता.

“नको,” तो म्हणाला.

मग त्यानं शेठजींसमोरच ती खोट सांगितली. प्रोग्राम भरताना लस आधी दुसऱ्या पेटीत हलवावी लागेल आणि भरणं जनरेटरवर करावं लागेल, हेही सांगितलं.

“म्हणजे लाइट गेली की पेटी मेली?” शेठजी म्हणाले.

“प्रोग्राम भरताना गेली तरच.”

“आमच्या भागात लाइट विचारून जाते की नाही.” शेठजी उठले. “लिहून दे सगळं. साहेबांना दाखवतो. ते काय म्हणतील ते माझ्या हातात नाही.”

दिगंबरनं ‘नाहीत’ खोडलं आणि जागा पुरेना तेव्हा कागदाच्या पाठीवर लिहिलं. त्या कागदाबरोबरच्या कामावर मास्तरांनी शिक्का मारला. गाडी गेली. माल उचलतो असं शेठजी बोलले नव्हते, उचलत नाही असंही नाही. दिगंबरच्या येरझाऱ्या पुन्हा सुरू झाल्या. थोड्या वेळानं तो थांबला.

“मास्तर, एक विचारू? माझा शब्द मी तपासायचा, हे कळलं. तुम्ही आत्ता आठाचे चाळीस केलेत आणि कोणीच अडवलं नाही. तुमच्यावर कोण आहे?”

म्हाताऱ्यानं पेटीतला तो प्रोग्राम पुसला, आठ परत लिहून शिक्का मारला आणि आकडा खाली उतरू लागल्याची खात्री केली.

“हे आजवर कोणी विचारलं नव्हतं,” तो म्हणाला. “उद्यापासून मी शिक्का मारताना शेजारी बसत जा.”

ज्यांचा शब्द घरात किंवा कचेरीत कोणी तपासत नाही, त्यांनी आपल्या शेजारी अशी एक खुर्ची मांडून घ्यावी.