विहिरीला सांगायची बातमी

या, जवळ सरका. पांघरूण घ्या आणि ऐका. मध्येच कुणाला झोप लागली तरी चालेल.

एकदा काय झालं, वसईच्या किनाऱ्याजवळ केळीच्या बागायतीत एक घर होतं. घरात आई, बाबा आणि त्यांची लेक कतरीन. गोठ्यात ढवळ्या नावाचा बैल, अंगणात चिंच आणि बागेत एक म्हातारी विहीर.

त्या घराची एक रीत होती, बरं का. गुड फ्रायडेला चर्चच्या घंटा गप्प होतात ना, तशी ती विहीरही गप्प व्हायची. दुःखानं सगळं पाणी आत ओढून घ्यायची. मग ईस्टरच्या पहाटे घरातल्या बाईनं जायचं आणि आधी बैलाला, मग चिंचेला, मग विहिरीला सांगायचं, "येशू उठला, तूही ऊठ." सूर्य वर यायच्या आत सांगायचं. आजीनं हे आईला शिकवलं होतं. कतरीन दर वर्षी आईचा पदर धरून मागोमाग जायची.

एका वर्षी आईला ताप भरला. घसा असा बसला की शब्द फुटेना. पहाटे उठायला गेली तर पाय लटपटले. बाबा म्हणाले, या वर्षी राहू दे. आईचे डोळे भरून आले. बातमी पोचली नाही तर विहिरीचं पाणी वर यायचं नाही, आणि बाहेर केळी तर घड धरून तहानलेल्या उभ्या. मग कतरीननं केस घट्ट बांधले. म्हणाली, "मी सांगते."

मग ती गोठ्यात गेली. ढवळ्याच्या कानाशी तोंड नेऊन तिनं सांगितलं. ढवळ्यानं कान हलवला, उठला आणि निघाला की तिच्या मागं!

मग ती चिंचेपाशी गेली. चिंचेची पानं रात्री मिटतात, माहीत आहे ना? कतरीननं सांगितलं मात्र, सगळी पानं एकदम उघडली, आणि आत निजलेल्या साळुंक्या बडबडायला लागल्या.

मग राहिली विहीर. ती भारी हट्टी. कतरीननं वाकून सांगितलं. खालून काहीच नाही. पुन्हा सांगितलं. खालून नुसता गार वारा. तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा खोलवरून आवाज आला, "हा आवाज माझ्या ओळखीचा नाही. येशूला उठताना तू पाहिलंस का?"

पूर्वेला तांबडं फुटलं होतं. कतरीननं हो म्हटलं असतं तर काम लगेच झालं असतं. पण विहिरीशी खोटं कसं बोलायचं, तेही ईस्टरला? ती कठड्याला धरून ताठ उभी राहिली.

"नाही पाहिलं," ती म्हणाली. "मला आईनं सांगितलं."

"मग तिनं पाहिलं?"

"नाही. तिला आजीनं सांगितलं. आजीला पणजीनं. त्यापुढची नावं मला येत नाहीत, विहीरमाय. पण त्यातली एकही खोटं बोलणारी नव्हती."

विहीर म्हणाली, "मला येतात नावं. आंतोना, रेमेत, फिलू, इनेस. सगळ्या इथंच उभ्या राहिल्या, आणि सगळ्यांनी हेच सांगितलं, की मला माझ्या आईनं सांगितलं. आता तुझं नाव सांग. तेही ठेवते जपून."

"कतरीन," ती म्हणाली.

मग काय विचारता! पाणी गुडगुडत वर आलं, एकेक पायरी चढत पार कठड्याला टेकलं. सूर्य वर आला तो थेट पाण्यातच दिसला. बाबांनी ढवळ्याला रहाटाला जुंपलं. पाटानं पाणी खळखळत केळींकडे धावलं. आई दारात येऊन बसली, आणि तिनं कतरीनला कुशीत ओढून घेतलं, ते किती तरी वेळ सोडलंच नाही. दुपारी सगळ्यांनी पोटभर वडे आणि कोंबडीचा रस्सा खाल्ला.

पुढे कतरीन मोठी झाली, तिला मुलं झाली, आणि सगळी सुखानं राहिली.

चला, दिवा बारीक करते. मिटा डोळे, माझ्या चिमण्यांनो.