डोहाचं पाणी तापलं तेव्हा

खूप जुनी गोष्ट आहे. डोंगरातल्या एका डोहात तेजू नावाची महसीर मासोळी राहायची. धबधब्याच्या धारेवर उलटं चढण्यात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं.

एका उन्हाळ्यात काठावरची झाडं तुटली आणि डोह उन्हात तापू लागला. तेजूची भूक वाढली, पण अंगात जोर राहीना. "मी म्हातारी झाले की काय!" या लाजेनं ती आणखी जोरात पोहायची आणि आणखी दमायची. एकदा तर ती पाणमांजराच्या जबड्यातून जेमतेम सुटली.

तिची धाप बघून तळाशी राहणारी खेकडी म्हणाली, "अगं, तुला काही झालेलं नाही. पाणी तापलं की अंगाला श्वासाची हवा जास्त लागते, आणि तापलेल्या पाण्यात ती असतेच कमी. धावू नकोस, माझ्यामागे ये."

कातळाखाली गार झरा पाझरत होता. तिथं तेजूची धाप थांबली. मग थांबत थांबत वर जाऊन तिनं उथळ पाण्यात तडफडणाऱ्या पिलांनाही खाली आणलं.

"मावशी, धारेवर कधी चढायचं?" एका पिलानं विचारलं.

"पाणी गार झालं की," तेजू म्हणाली आणि निवांत पडून राहिली. आता तिला त्याची लाज वाटत नव्हती.