शोभेच्या गाडीचा पंप

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा लवकर सुटली, शब्दही साधेच येतात.

पॉवर स्टिअरिंगचा पंप गेल्यापासून मालन नर्सबाईंना दुखऱ्या खांद्यानं जुन्या गाडीचं चाक फिरवेना. गावोगावच्या बाळंतिणी खोळंबल्या. मेकॅनिक यशवंता शोरूममध्ये गेला.

"तो पंप कंपनीनं केव्हाच बंद केला. गाडी भंगारात घाला म्हणावं," मॅनेजर गुरगुरला.

काचेआड तसलीच गाडी हार घालून उभी होती. वर पाटी: 'पंचवीस वर्षं झाली, अजून धावते!'

"साहेब, ही खरंच धावते?"

गिऱ्हाइकं ऐकत होती, म्हणून मॅनेजर म्हणाला, "धावते म्हणजे? पळते!"

"मग हिचा पंप कुठून आणता?"

मॅनेजर कानाशी लागला. "अरे, शोभेची आहे ती. जागची हलत नाही."

"मग तिला पंप कशाला? देता, का हे मोठ्यानं सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंतानं तो पंप बसवला आणि बाईंना शोरूमसमोर तीन फेऱ्या मारायला लावल्या. बाई एका हातानं चाक फिरवत होत्या. दुसऱ्यानं मॅनेजरला टाटा.