धूर गेला कुठे?

भूपाळराजे सज्ज्यात येऊन शिंकले, आणि खाली सटवाजी भडभुंज्याच्या भट्टीवर संक्रांत आली.

सज्ज्याला नुकताच चुना दिला होता आणि त्यावर भट्टीच्या धुराचा काळा फराटा उठला होता. राजांनी सटवाजीला दरबारात उभं केलं. म्हाताऱ्याला आधार द्यायला त्याची मुलगी येसू सोबत आली होती.

"धूर बंद!" राजे कडाडले.

"मग भट्टी विझवतो, सरकार."

"आणि संध्याकाळी गरम फुटाणे कोण देणार, तुझा आजा? भट्टी पेटलीच पाहिजे. धूर मात्र माझ्या नाकापर्यंत येता कामा नये. दुसऱ्याच्या अंगणात सोडलेलाही चालणार नाही. येत्या पुनवेला दरबारात यायचं आणि धूर गेला कुठे ते सांगायचं. नाही सांगता आलं, तर भट्टीवर हत्ती फिरवीन."

बाहेर येताच सटवाजीने कपाळाला हात लावला. भट्टी गेली की घरची चूलही विझणार होती.

"धूर काय मुठीत धरता येतो, पोरी?"

"मुठीत नाही, बाबा. पण गार भांडं दिसलं की चिकटतो. हंड्याच्या बुडावरनं आई रोज काय घासते? धूरच की!"

येसूने भट्टीच्या मागे मातीचा लांब बोगदा लिंपला. त्यात पाण्याने भरलेली मडकी ओळीने मांडली आणि शेवटी ओलं गोणपाट टांगलं. धूर मडक्यांना चिकटत चिकटत जाई, उरलासुरला गोणपाटात अडके. पलीकडे निघे ती नुसती ऊन हवा. मडकी खरवडून येसू इतकी काळी झाली की बापाने तिला आवाजावरून ओळखलं.

"धरलास खरा," सटवाजी म्हणाला, "पण ही टोपलीभर काजळी टाकणार कुठे? ओढ्यात टाकली तर पाणी नासेल. उकिरड्यावर टाकली तर वाऱ्याने परत सज्ज्यात."

तेवढ्यात फुटाणे न्यायला राजांचा न्हावी म्हाळोजी आला. बिचारा रडकुंडीला आला होता.

"कुणाला सांगू नका, पण राजांच्या मिशीचा कलप टिकत नाही हो. काल ताक पिताना अर्धी मिशी वाटीत उतरली!"

येसूने टोपलीकडे पाहिलं. तिने हिरड्याचं पाणी लोखंडी कढईत आटवलं, त्यात काजळी खलली, वर एरंडेलाचे दोन थेंब टाकले आणि आधी बापाच्याच मिशीला लावून पाहिलं. सटवाजीने मिशी घासघासून धुतली, पण काळेपणा तसूभर हलला नाही. म्हाळोजी त्या कलपाची डबी भरून घेऊन पळत सुटला.

पुनवेला दरबार भरला. सज्जा पांढराशुभ्र होता आणि राजे काळ्याभोर मिशीला पीळ देत बसले होते.

"सांग, धूर गेला कुठे? ओढ्यात?"

"नाही, महाराज," बापाशेजारी उभी असलेली येसू म्हणाली.

"शेजारच्या गावात?"

"तिथेही नाही. इथेच दरबारात आहे."

सरदार आपापल्या बैठकीखाली वाकून पाहू लागले.

"दरबारात? माझ्या नाकापर्यंत येऊ द्यायचा नाही, असं बजावलं होतं ना!"

"नाहीच येऊ दिला, महाराज," येसू म्हणाली. "बोटभर खालीच थांबवलाय."

राजांचा पीळ देणारा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी म्हाळोजीकडे पाहिलं. म्हाळोजी जमिनीकडे पाहत होता.

"जागेचं नाव सगळ्यांसमोर घेऊ का?"

"नको, नको! उत्तर पोचलं!" राजे इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. दरबाराला काही कळलं नाही, तरी तोही हसला.

राजांनी येसूला चांदीची कढई दिली आणि राज्यातल्या सगळ्या भट्ट्यांना बोगदे बांधायचं काम सोपवलं. मग तिला जवळ बोलावून ते हळूच म्हणाले, "तुमची भट्टी उद्यापासून जरा जास्त पेटव. माझ्या भुवया अजून राहिल्यात."