मातीचा राजा आणि बिनदेठाची फुले

एका राज्यात फुलांना तीनच जागा ठाऊक होत्या: देवाचे मस्तक, बायकांचा अंबाडा आणि विजयी वीराचा गळा. वीर फारसे कुठे जिंकत नसत, त्यामुळे तिसरी जागा बहुधा राजा रत्नध्वजच अडवून बसे.

एकदा शरद ऋतूत त्याच्या दरबारी एक मांत्रिक आला. त्याने काळ्या दगडाची, रुंद तोंडाची, खोल फुलदाणी नजराणा म्हणून पुढे ठेवली.

"महाराज, बाग बहरली आहे. चार फुले हिच्यात ठेवा. महाल उजळेल."

राजाने फुलदाणी उलटीसुलटी करून पाहिली. "हिच्यात देव नाही, हिला अंबाडा नाही. हिला फुले कशाला?" असे म्हणून त्याने तिच्यात विड्याची पिंक टाकली. दरबार हसला. दरबाराला त्याचाच पगार होता.

मांत्रिक तेवढा हसला नाही. म्हणाला, "राजा, शरदाच्या पौर्णिमेचा चंद्र वर येताना तुझ्या बागेतली फुले हिच्या काठावर मान ताठ करून उभी दिसली पाहिजेत. ती तुझ्या रक्ताच्या माणसानेच आणावीत. संधी तीन. प्रत्येक चुकीला तू थोडा थोडा मातीचा होशील, आणि तिसऱ्या चुकीला पुरता."

इतके बोलून तो धूर झाला आणि खिडकीतून निघून गेला. मागे एक साळुंकी राहिली. फुलदाणीच्या काठावर बसून ती म्हणाली, "मी साक्षीला आहे." पिंकेची शिक्षा म्हणून त्याच क्षणी राजाचे तळपाय मातीचे झाले.

राजाच्या रक्ताचे माणूस एकच, लेक कनकलेखा. तिने फुलदाणी घासूनपुसून घेतली, पाणी भरले आणि परडी घेऊन ती बागेत गेली. शेवंती, झेंडू, तगर, जे दिसले ते तिने खुडले. खुडले म्हणजे त्या राज्याच्या रीतीने: अंगठ्याचे नख फुलाच्या मानेशी लावायचे आणि देठ झाडावरच ठेवायचा. देठ देवाला टोचतो, असे राजपुरोहित शंकुभट्ट सांगत. लहानपणापासूनचे ते वळण. अंगठा आपोआप चाले.

परडी फुलदाणीत रिकामी झाली. फुले पाण्यावर पसरली.

साळुंकी वाकून म्हणाली, "उभी नाहीत. निजली आहेत."

राजा गुडघ्यांपर्यंत मातीचा झाला.

मग सभा भरली. उन्हे कलेपर्यंत चर्चा झाली आणि शंकुभट्ट उठले. "राजकन्ये, माळ करावी. माळेत फूल फुलाला धरून राहते. पडेल कुठे?"

कनकलेखेने उरलीसुरली बाग खुडली. बोटे सोलवटेपर्यंत माळ ओवली आणि फुलदाणीच्या गळ्यात घातली. शंकुभट्टांनी हात जोडले. साळुंकी माळेभोवती एक फेरी मारून आली.

"फुलदाणी नटली. फुले लटकली."

माती कमरेवर चढली.

"कनके," राजा हळूच म्हणाला, "मला भूक लागली आहे की नाही, तेच कळेनासे झाले आहे."

पौर्णिमा आजचीच, संधी एकच आणि बाग ओकीबोकी. कनकलेखेने साळुंकीला विचारले, "फुले उभी का राहत नाहीत?"

"साक्षीदाराने सल्ला देऊ नये."

इतक्यात राजाला चंद्र पाहण्याची इच्छा झाली. न जाणो, शेवटचाच असायचा. सेवकांनी त्याला बखोट्याला धरून उचलले. मातीच्या अंगठ्याचा टवका उडाला.

"अरे मूर्खांनो, ज्याला पाय नाहीत त्याला उभा कसा करता?" राजा ओरडला.

कनकलेखा बापाच्या पायांकडे बघत राहिली. मग तिने रिकाम्या परडीकडे पाहिले आणि राजाची कट्यार घेऊन ती बागेकडे धावत सुटली.

कुंपणाच्या कोपऱ्यात, कोणाची नजर न गेलेल्या एका रोपावर शेवंतीची मोजकी अर्धवट उमललेली फुले होती. तिने हात पुढे केला आणि अंगठ्याने सवयीने एकाची मान मोडली. दुसऱ्या फुलाशी अंगठा पुन्हा वळला. तेव्हा तिने दातांनी पदर फाडला, अंगठा तळहाताशी करकचून बांधला आणि बाकीचे दांडे कट्यारीने मुळाजवळून कापले. पूर्वेकडे आभाळ पिवळे होऊ लागले होते.

फुलदाणीत दांडे उतरले. फुलांच्या माना काठावर आल्या खऱ्या, पण तोंड रुंद. दांडे घसरून चहूकडे कलंडले. साळुंकीने चोच उघडली.

"थांब! माझा हात अजून आत आहे. काम संपलेले नाही."

साळुंकीने विचार केला आणि चोच मिटली. "हात आहे तोवर थांबते. चंद्र थांबणार नाही."

"शंकुभट्ट, पाला आणा!"

"पाला? कोणत्या बकरीला, राजकन्ये?"

"बाबांना! मांत्रिकाची अट फुलांची आहे, पाल्याची नाही. मेंदी, अडुळसा, शतावरी, हाताला येईल ते आणा. देठ तोडलात तर तुमची गाठ माझ्याशी आहे!"

शंकुभट्ट आयुष्यात पहिल्यांदा धावले. सोवळे सावरत, कवेत हिरवा भारा घेऊन ते परतले तेव्हा चंद्राबरोबर मातीही वर चढून राजाच्या छातीला लागली होती आणि त्याला श्वास पुरत नव्हता. कनकलेखेने एका हाताने शेवंती धरली, दुसऱ्याने मेंदीच्या फांद्या भोवती खोवल्या, त्यांच्यात अडुळसा आणि फटींत शतावरी. फांदी फांदीला अडली, दांडा दांड्याला टेकला. तिने एकेक बोट सोडले. शेवटचे सोडवेना.

"काढ, पोरी," राजा कसाबसा म्हणाला. "होईल ते होईल."

तिने डोळे मिटून हात बाहेर काढला.

महालात चांदणे आले. साळुंकी उजवीकडून फिरली, डावीकडून फिरली, एका फुलाला तिने चोचीने ढकलूनही पाहिले. ते डोलले आणि पुन्हा ताठ झाले.

"उभी आहेत," ती म्हणाली, आणि धूर होऊन खिडकीबाहेर गेली.

राजाच्या अंगावरची माती खपल्यांनी गळून पडली. शंकुभट्टांनी आधाराला हात पुढे केला. राजाने तो बाजूला सारला, धडपडत चालत लेकीपाशी आला आणि तिच्या अंगठ्याची गाठ स्वतः सोडू लागला. गाठ सुटेना, तेव्हा त्याने ती दातांनी सोडवली.

दुसऱ्या दिवशी शंकुभट्टांना देठांच्या बाजूने एक श्लोक सापडला. तो आधी कोणी ऐकला नव्हता, पण कोणी हरकतही घेतली नाही. त्या राज्यात फुलांना चौथी जागा मिळाली. जसा त्या लेकीचा जीव भांड्यात पडला, तसा ऐकणाऱ्या सगळ्यांचा पडो.